गोष्ट सांगतं कोण?

कथेचे घटक कोणते, असं विचारलं की कथानक, पात्रं, वातावरण, संवाद अशी यादी सुरू होते आणि निवेदनाचा नंबर बहुधा शेवटी लागतो. माझ्या मते तो पहिला असायला हवा. गोष्ट कोण सांगतं, हे ठरल्याशिवाय बाकीच्या घटकांना आकारच येत नाही. पुरावा आपल्याच कादंबरीत आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः येऊ लागली. दोन्हींच्या नायिकेचं नाव यमुना आणि दोन्हींत विधवांच्या हालांची कहाणी. पदमनजींची यमुना प्रवासात एकेकीची कर्मकथा ऐकते आणि लेखक ते सारं बाहेरून सांगतो. पदमनजींना एक बाजू मांडायची आहे, म्हणून प्रसंग साक्षीदारांसारखे एकामागून एक उभे राहतात. हरिभाऊंनी लेखणी यमूच्याच हाती दिली. मग लहान मुलीला मोठ्यांचं जेवढं दिसतं, जेवढं कळतं, तेवढंच वाचकाला मिळू लागलं. माजघरातली बोली कादंबरीत आली, आणि केशवपनाच्या प्रसंगी वेगळा युक्तिवाद करण्याची गरजच उरली नाही.

यावर कोणी म्हणेल, वाचक पान उलटतो ते पुढं काय होतं यासाठी, निवेदकासाठी नव्हे. अ‍ॅरिस्टॉटलनंही कथानकालाच अग्रमान दिला. खरं आहे, पण तो शोकात्मिकेविषयी बोलत होता. रंगमंचावर पात्रं समोर वावरतात, त्यांच्याविषयी सांगणारा मधे लागत नाही. कादंबरीत मात्र ‘पुढं काय’ ही ओढसुद्धा सांगणाऱ्याला किती ठाऊक आहे, यावर अवलंबून असते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) घटना थोड्याच आहेत: मास्तर येतो, तालीम बांधली जाते, दुष्काळ पडतो, वाडी ओस होते. हेच वाडीतल्याच कारभाऱ्यानं सांगितलं असतं, तर मेंढरं, माळ, धनगरांची रीत यांचं वर्णन त्यानं केलंच नसतं. रोजचं ते कोण सांगत बसतो? वाडीत नवा आलेला तरुण मास्तर सांगतो, म्हणून ते सारं आपल्याला दिसतं. वातावरण हा घटक इथं निवेदकाच्या नवखेपणातून जन्मला आहे.

‘तो’ आणि ‘ती’ म्हणत सांगितलेल्या कथांचं काय? त्यांतही लेखक कोणाच्या तरी खांद्याशी उभा असतो, कोणाच्या मनात शिरायचं आणि कोणाच्या दाराबाहेर थांबायचं हे ठरवत असतो. कीर्तनकार डोळ्यांपुढं असतो, त्याचा आवाज आणि थांबणं श्रोत्याला कळतं. छापील पानावर सांगणारा माणूस वाक्यांतूनच उभा करावा लागतो. यमूची हीच कहाणी तिच्या सासरच्या शंकरमामंजींच्या तोंडी घालून पाहा. घटना त्याच राहतील, पण केशवपन एका ओळीत उरकेल, घरच्या वडीलधाऱ्यानं पार पाडलेलं कर्तव्य म्हणून. आणि यमूचं रडणं त्या ओळीत कुठंच नसेल.