जमिनीचा पैसा जमिनीत



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात अलीकडे जमिनीची उलाढाल फार झाली. समृद्धी महामार्ग मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा या तालुक्यांतून गेला. पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पात नांदुऱ्याकडच्या जमिनी गेल्या. शहरांच्या कडेची शेते प्लॉट झाली. ज्या घराने कधी एकरकमी लाख रुपये पाहिले नव्हते, तिथे लाखांची रक्कम आली. अन् पैसा आला की त्याला पाय फुटतात, हे काही मी सांगायला नको.

अशा वेळी पहिला प्रश्न येतो तो कराचा. एकजण सांगतो, शेतीला कर नसतो. दुसरा सांगतो, निम्मी रक्कम सरकारात जाईल. दोघांचेही ऐकू नका. कायदा काय म्हणतो ते पाहू.

१९७० पर्यंत शेतजमीन विकून झालेला नफा भांडवली नफ्याच्या कराबाहेर होता. त्या वर्षी शहरालगतची जमीन कराखाली आली. खेड्यातली जमीन आजही बाहेर आहे. मग शहरालगतची म्हणजे कोणती? दहा हजार किंवा अधिक वस्तीच्या नगरपरिषदेच्या हद्दीतली जमीन तर आलीच. शिवाय वस्ती दहा हजारांहून जास्त पण लाखाच्या आत असेल, तर हद्दीपासून दोन किलोमीटरपर्यंतचीही आली. २०११ च्या जनगणनेत आपले सर्वांत मोठे शहर खामगाव. त्याचीही वस्ती लाखाच्या आतच होती. म्हणून आपल्याकडे हे दोन किलोमीटर मोजायचे, तेही रस्त्याने नव्हे, सरळ हवाई रेषेत.

भूसंपादनाचे वेगळे आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली निवाडा होऊन मिळालेल्या मोबदल्यावर, त्याच कायद्याच्या कलम ९६ मुळे, आयकर नाही.

आता समजा, एका शेतकऱ्याने शहराला लागून असलेले शेत विकले आणि नफा ठरला पन्नास लाख. त्याने दोन वर्षांच्या आत चाळीस लाखांचे दुसरे शेत घेतले. तर कर फक्त उरलेल्या दहा लाखांवर. पन्नास लाखांचे घेतले असते, तर काहीच नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातले कलम ५४ब ते हेच. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, पण ही सवलत राहिली.

अटी मात्र नीट ध्यानात ठेवा. विकलेली जमीन आधीची दोन वर्षे तुम्ही, तुमच्या आईवडिलांनी किंवा एकत्र कुटुंबाने कसलेली हवी. सातबाऱ्यावरची पिकाची नोंद हा त्याचा चांगला पुरावा. म्हणून पीक पाहणी चुकवू नका. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत नवी जमीन मिळाली नाही, तर ती रक्कम बँकेच्या शहरातल्या शाखेत भांडवली नफा खात्यात ठेवायची. नवी जमीन विकणाऱ्याच्याच नावाने घ्यावी, आणि तीन वर्षे विकू नये. विकली तर सवलत अंगावर येते.

हाच न्याय कारखान्यालाही आहे. भोपाळची दुर्घटना झाली १९८४ साली. १९८७ च्या वित्त कायद्याने कलम ५४ग आणले. शहरातला कारखाना बाहेर हलवताना जुनी जागा, इमारत, यंत्रे विकून नफा झाला आणि तो एक वर्ष आधी किंवा तीन वर्षे नंतर नव्या ठिकाणी घातला, तर त्यावर कर नाही. दिल्लीतले १६८ धोकादायक कारखाने हलवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै १९९६ रोजी दिला. शहराने मोकळा श्वास घ्यावा, हे योग्यच. पण श्रोतेहो, शहरातून निघालेला कारखाना कुठेतरी उतरतोच, आणि ते ‘कुठेतरी’ म्हणजे पुष्कळदा एखादे खेडे असते.

करसवलत पैसा पाहते. विहिरीचे पाणी पाहणे तिचे काम नाही. ते आपले. ज्या प्रकल्पांना पर्यावरणाची जनसुनावणी लागू आहे, तिथे किमान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो. गुरुजनहो, तो सारांश मागून घ्या आणि चावडीवर मोठ्याने वाचून दाखवा. सांडपाणी कुठे जाणार, हा प्रश्न सुनावणीत विचारा आणि उत्तर लेखी नोंदवून घ्या.

दोन्ही सवलतींचे मर्म एकच. जमीन विकून पुन्हा जमीन घेतली, कारखाना विकून पुन्हा कारखाना उभारला, तर कायदा त्याला कमाई मानत नाही, स्थलांतर मानतो. पैसा खर्चून टाकला की मात्र ती कमाई झाली. कर एकदा भरून मोकळे होता येते. हातची जमीन गेली, की पोरांना ती पुन्हा घेणे सोपे नाही. तेव्हा रक्कम हाती येताच पहिल्या आठवड्यात जाणत्या कर सल्लागाराकडे जा, सातबारा आणि खरेदीखत सोबत न्या, आणि दोन वर्षांची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवा.