वहीवरून चिमणीकडे

वही उघडी, पेन्सिल हातात आणि मन खिडकीतल्या चिमणीवर! एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता, असलेल्या मुलाचं हे रोजचंच. त्याला आळशी म्हणू नका, अगदी कळकळीनं सांगते. आपण रिकामे बसलो की मेंदूतलं एक जाळं मनाला भटकायला नेतं. काम सुरू झालं की ते शांत व्हायला हवं; या मुलांमध्ये ते पुरतं शांत होत नाही. चेतापेशी डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही रसायनं पुन्हा शोषून घेतात, ते शोषणं एडीएचडीवरचं औषध मिथाइलफेनिडेट रोखतं. त्यामुळे ही रसायनं जास्त वेळ टिकतात, भटकणारं जाळं दबतं, कंटाळवाणं गणितही करावंसं वाटतं. गोळीनं बुद्धी वाढत नाही हं. परिणाम काही तासांचाच. भूक मंदावते, डबा अर्धा परत येतो. तेही डॉक्टरांना जरूर सांगा.