दुबळा घट आणि घटमाला

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विटा येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



विज्ञानातील एखाद्या नव्या विषयावर, मुलांना समजेल आणि पालकांनाही ऐकावेसे वाटेल असे बोलावे, अशी चालकांची सूचना होती. त्यासाठी मी इंधन-घट हा विषय निवडला आहे. नाव नवखे वाटेल. परंतु विट्यात हा विषय समजावून सांगणे सोपे आहे. या भागातील गलाई कारागीर देशभर पसरलेले आहेत. मौल्यवान धातूचा कणही वाया जाऊ द्यायचा नाही, हे या गावाला शिकवावे लागत नाही. इंधन-घटाची निम्मी कहाणी हीच आहे.

पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे होतात, हे आपले विद्यार्थी शाळेत शिकतात. विल्यम ग्रोव्ह या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८३९ साली या उलट क्रिया दाखविली. दोन्ही वायू प्लॅटिनमच्या सान्निध्यात आणून त्याने वीज मिळविली. आज मोटारींसाठी वापरतात तो घट प्रोटॉन-विनिमय पटलाचा होय. त्याच्या मध्यभागी प्लास्टिकच्या कागदासारखे पातळ पटल असते. एका बाजूने हायड्रोजन येतो आणि प्लॅटिनमवर त्याचे प्रोटॉन व इलेक्ट्रॉन वेगळे होतात. पटल प्रोटॉनला वाट देते, इलेक्ट्रॉनला मात्र अडविते. मग इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेतून वळसा घालून जावे लागते, आणि त्या वळशातच तो आपले काम करून जातो. पलीकडे हवेतील ऑक्सिजनशी मिळून पाणी तयार होते. घटातून धूर निघत नाही. अमेरिकेच्या 'जेमिनी ५' या अंतराळयानात १९६५ साली असेच घट वापरले होते.

मग ही यंत्रे घरोघरी का आली नाहीत? कारण हिशेबाने एका घटातून सुमारे १.२३ व्होल्ट मिळायला हवेत, पण प्रत्यक्ष कामाच्या वेळी ०.६ ते ०.७ व्होल्टच मिळतात. ही गळती तीन ठिकाणी होते, आणि शास्त्रज्ञांची सारी मेहनत ती कमी करण्यासाठी चालली आहे.

पहिली गळती उत्प्रेरकापाशी. ऑक्सिजनची क्रिया अतिशय मंद असते, म्हणून महागडे प्लॅटिनम लागते. पूर्वी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ मिलिग्रॅम प्लॅटिनम घालीत; पण त्यातील पुष्कळसे कण पटलापासून दूर राहून बिनकामाचे ठरत. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेत पटलाचाच पदार्थ द्रवरूपात त्या थरात मुरविण्यात आला. त्यामुळे दडलेले कण कामाला लागले आणि ०.४ मिलिग्रॅमवर तेवढेच काम होऊ लागले. धातू तोच, पण तो वापरण्याची अक्कल वाढली.

दुसरी गळती पटलात. हे पटल ओले असेल तरच प्रोटॉन वाहून नेते. ते कोरडे पडले की अडथळा वाढतो. यावर उपाय म्हणून पटले अधिकाधिक पातळ केली गेली आणि आत येणाऱ्या वायूंना ओलावा देण्याची व्यवस्था झाली.

तिसरी गळती बरोबर याच्या उलट. घटात तयार झालेले पाणी साचले तर ऑक्सिजनची वाटच बुजते. म्हणून कार्बनच्या सच्छिद्र कागदाला टेफ्लॉन लावतात, म्हणजे पाणी थबकत नाही. ओलावा हवा, पण पूर नको, ही तारेवरची कसरत आहे. मुले वाढविणाऱ्या आई-बापांना ती नव्याने सांगायला नको!

हे सारे परदेशातच चालते असे समजू नका. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तमिळनाडूतील कराईकुडीच्या केंद्रीय विद्युत्-रासायनिक संशोधन संस्थेसह हे तंत्र विकसित केले. पुण्याच्याच केपीआयटी कंपनीने २०१६ पासून त्यांना साथ दिली. ऑक्टोबर २०२० मध्ये देशी घटमालेवर चालणाऱ्या मोटारीची चाचणी झाली. त्या मालेत धातूचे अत्यंत पातळ पत्रे वापरल्याने वजन सुमारे दोन-तृतीयांशाने घटले. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच अशा बसचे उद्घाटन झाले. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू व कोळशापासून काढतात. सूर्य-वाऱ्याच्या विजेने तो पाण्यातून स्वस्तात काढता येईल, तेव्हाच हे इंधन खऱ्या अर्थाने स्वच्छ ठरेल. म्हणजे आजच्या विद्यार्थ्यांसाठी भरपूर काम शिल्लक आहे.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो. एका घटाने मोटार चालत नाही. शंभर घट एकापुढे एक जोडावे तेव्हा साठ-सत्तर व्होल्ट मिळतात. या घटमालेत सर्वांतून एकच प्रवाह जातो. नव्व्याण्णव घट उत्तम असले आणि एखादा कोरडा पडला, तर त्याला वाचविण्यासाठी सगळ्या मालेचाच प्रवाह कमी करावा लागतो. मालेची ताकद तिच्या सर्वांत दुबळ्या घटावर ठरते.

पालकहो, आपल्या घरांतून हा दुबळा घट कोण असतो? दहावीला गणित-विज्ञानात चांगले गुण मिळविलेली मुलगी 'कॉलेज लांब आहे' म्हणून घरी बसते. हुशार मुलगा 'घराला हात हवा' म्हणून दुकानावर किंवा मागावर जातो. अडचणी खऱ्या आहेत, मी त्या नाकारीत नाही. पण त्या मुलाची किंवा मुलीची कुवत कमी नव्हती, फक्त वेळेवर ओलावा मिळाला नाही. वरच्या कामाला रसायनशास्त्रज्ञ लागले, तसे पत्रे घडविणारे आणि यंत्रे जोडणारे कुशल हातही लागले. तेव्हा पदवी, पदविका, आय.टी.आय., यांतील कोणतीही वाट कमी प्रतीची नाही. फक्त शिक्षण मध्येच तोडू नका.

आज घरी जाताना प्रत्येकाने एवढेच ठरवावे, की आपल्या मोहल्ल्यातील शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला आपण थांबवू, आणि फी, पुस्तके, बसचा पास, जे अडले असेल ते मिळून भागवू. अल्लाह आपल्या मुला-मुलींना इल्म आणि हिंमत देवो, हीच दुआ.