पडत्या भावातली खरेदी



बाजार पडू लागला की एक प्रश्न हमखास कानावर येतो : 'ती मोठी कंपनी निम्म्यावर आलीय, आता घ्यायला हरकत नाही ना?' शेअर निम्म्यावर आला म्हणजे स्वस्त झाला, असे या प्रश्नात गृहीत धरलेले असते. माझे आजचे भांडण या गृहीतकाशी आहे.

सिस्को ही अमेरिकन कंपनी घ्या. इंटरनेटचे जाळे ज्यांवर चालते ते राउटर आणि स्विच ती बनवते. मार्च २००० मध्ये तिचा शेअर ८० डॉलरला पोचला आणि काही काळ ती जगातली सर्वांत मोलाची कंपनी ठरली. मग घसरण लागली. ४० डॉलरला ज्यांनी घेतला त्यांना घबाड मिळाल्यासारखे वाटले असणार. ऑक्टोबर २००२ मध्ये भाव नऊ डॉलरच्या खाली गेला. म्हणजे 'निम्म्यात' घेणाऱ्यांचेही रुपयातले बारा आणे गेले!

कंपनी बुडाली का? मुळीच नाही. २००१ साली तिची विक्री सुमारे २२ अब्ज डॉलर होती, पुढे ती ५० अब्जांच्या वर गेली. तरी २००० सालचा उच्चांकी भाव पुन्हा दिसायला डिसेंबर २०२५ उजाडला. कारण साधे आहे. तेजीच्या शिखरावर लोक तिच्या वार्षिक नफ्याच्या शंभरपटीहून जास्त भाव मोजत होते. शंभरपट निम्मी झाली तरी पन्नासपट उरतेच. त्यात मागणी आटली, नफाही गेला. २००१ मध्ये पडून राहिलेल्या मालापोटी कंपनीला दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बुडीत धरावी लागली.

आता ॲमेझॉन पाहा. डिसेंबर १९९९ मध्ये शंभर डॉलरच्या वर, २००१ च्या शरदात सहाच्या खाली. पडझड सिस्कोहून मोठी, शिवाय धंदा तोट्यात. पण फेब्रुवारी २००० मध्ये, बाजार कोसळण्याच्या तोंडावर, तिने युरोपात रोखे विकून ६९ कोटी युरो उभे केले होते. ती गंगाजळी मंदीत कामी आली. २००९ साली शेअरने जुना उच्चांक ओलांडला. मंदीत आधी तिजोरी पाहावी, ती यासाठी.

आपल्याकडचा दाखला १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसचा. १० एप्रिल २००३ रोजी हा शेअर एका दिवसात पाव हिश्शाहून अधिक पडला. सरत्या वर्षाचा नफा वाढलेला होता आणि डोक्यावर कर्ज नव्हते. येत्या वर्षाचा अंदाज तेवढा बाजाराच्या अपेक्षेहून कमी निघाला. वेग मंदावणे आणि पाया खचणे यांतला फरक त्या दिवशी ज्यांना कळला, त्यांच्या पदरात पुढच्याच वर्षी एका शेअरमागे तीन बोनस शेअर पडले.

मग घ्यायचे कधी? तळ कुठे होता हे तळ मागे पडल्यावरच कळते, म्हणून तो शोधत बसू नये. कंपनीकडे रोकड किती, कर्ज किती, नफ्याच्या कितीपट भाव आपण देतो आहोत, एवढे आधी तपासावे. उत्तरे पटली तर रक्कम चार-पाच हप्त्यांत, काही महिन्यांच्या अंतराने गुंतवावी. उत्तरे पटली नाहीत तर 'सरासरी खाली आणतोय' या समाधानात आणखी पैसे ओतू नयेत. त्याने सरासरी खाली येते आणि तोटा वाढतो.

आणि शेवटचे, श्रोतेहो. मुलीच्या फीचे, घराच्या हप्त्याचे किंवा उसने आणलेले पैसे या कामाला लावू नका. चांगली कंपनीही वर यायला नऊ वर्षे घेते, कधी पंचवीस. तेवढे थांबू शकेल असाच पैसा तिथे घाला.