बांडगूळ कोण?
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



गेल्या दिवाळीनंतर आठवीतला एक मुलगा शाळेत यायचा बंद झाला. आईवडील ऊसतोडीला गेलेले, मुलगा मामाकडे राहिलेला. घरात कुणीतरी रागाच्या भरात त्याला 'बांडगूळ' म्हटले. मी चौकशीला गेलो तेव्हा तो म्हणाला, "सर, मीही तोडीला जातो. कुणाच्या जिवावर जगायचं नाही." मी त्याला तेलगावबाहेरच्या एका जुन्या आंब्याखाली नेले. तेथे त्याला जे दाखविले, तेच आज आपणांस सांगतो.

त्या आंब्यावर दोन वनस्पती होत्या. एक बांडगूळ. फुलटोच्या पक्षी त्याचे चिकट बी फांदीवर टाकतो. बी रुजले की ते सालीतून आत शिरते आणि झाडाचे पाणी व क्षार शोषून घेते. पुढे फांदी वाळू लागते.

दुसरी रास्ना, म्हणजे वांडा नावाची आमरी. तिची जाड मुळे सालीला केवळ धरून असतात, आत शिरत नाहीत. मुळांवरचे स्पंजासारखे आवरण पावसाचे पाणी टिपते. सालीवर साचलेल्या धूळ-पाचोळ्यातून क्षार मिळतात. अन्न ती आपल्या हिरव्या पानांत स्वतः तयार करते. झाडाकडून ती घेते फक्त जागा!

अशांना अपिवनस्पती म्हणतात. जगातील फुलझाडे व नेचे यांच्या दर दहा जातींत सुमारे एक जात अशी आहे. घनदाट जंगलात जमिनीवर उजेड पोहोचत नाही, म्हणून त्या फांद्यांवर राहतात. आंबोलीला वर्षाकाठी सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथील फांद्या शेवाळे, नेचे व आमरींनी मढून जातात. आपल्या बीड जिल्ह्यात सरासरी ७०० मिलिमीटरही पडत नाही, तरी रास्ना येथे तग धरते.

गंमत अशी की, संस्कृतात 'वन्दा' हा शब्द बांडगुळालाही लावतात. सर विल्यम जोन्स यांनी तोच शब्द या आमरीला दिला. नावाचा घोटाळा जुनाच आहे. माणसांच्या बाबतीत तरी आपण तो करू नये.

पालकहो, शिकण्यासाठी आपल्या घरी राहिलेल्या लेकराला हा शब्द लावू नका. आसरा घेणे म्हणजे शोषणे नव्हे. विद्यार्थी मित्रांनो, आधार जरूर घ्या, पण अभ्यास स्वतःच्या कष्टाने करा.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत आला. आज तो याच मंडपात बसला आहे.