परत गेलेल्या प्रवाशाची नोंद

श्रोतेहो, १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, बीडच्या स्थानकातून अहिल्यानगरकडे आगगाडी सुटली, आणि ज्या मार्गास १९९५ साली मंजुरी मिळाली होती त्याचा मोठा हिस्सा तीस वर्षांनी का होईना आपल्या पदरात पडला. अहिल्यानगर ते परळी हा एकूण २६१ किलोमीटरांचा मार्ग, निम्मा खर्च केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. २०२२ च्या सप्टेंबरात ६६ किलोमीटर चालून तो आष्टीस आला, आणि बीड गाठावयास त्याला आणखी तीन वर्षे लागली. हा सारा इतिहास आपणा सर्वांस मुखोद्गत आहे, कारण रेल्वेच्या मागणीच्या एखाद्या तरी निवेदनावर ज्याने सही केली नाही असा लिहितावाचता मनुष्य या जिल्ह्यात विरळाच. मला आज बोलावयाचे आहे ते त्या निवेदनांविषयी. किंबहुना गाडी येताच ती लिहिण्याची सवय आपण जी टाकून दिली आहे, तिच्याविषयी.

विहिरीवर मोट चालली आणि थारोळे भरले, एवढ्याने मळा भिजला असे कोणी समजत नाही. थारोळ्यातून दांड काढावा लागतो, दांडाचे पाणी वाफ्यावाफ्यास वळवावे लागते, आणि शेवटच्या वाफ्याशी फावडे घेऊन कोणालातरी दारे धरून उभे राहावे लागते. आपली आगगाडी हे भरलेले थारोळे होय. कडा, आष्टी, अमळनेर, रायमोहा येथपर्यंत पाणी आले. परंतु रूळ टाकले जातात ते जमिनीचा चढउतार पाहून, गावठाण पाहून नव्हे, आणि स्थानकापासून दोन-चार कोस आत, बालाघाटाच्या कुशीत वसलेल्या वाड्यावस्त्यांपर्यंत माणसाला नेणारा दांड म्हणजे आपली एसटी. तो दांड जागोजागी घुशींनी पोखरला आहे, पाणी कोठे मुरते ते कळत नाही, आणि दारे धरण्याचे काम ज्याचे तो गडी, म्हणजे आपण, भरलेल्या थारोळ्याकडे पाहून संतुष्ट होऊन घरी जेवावयास गेला आहे.

एखादी फेरी चालवावी की बंद करावी, याचा विचार आगारात मुख्यत्वे भारमानावरून होतो, आणि भारमान निघते ते गाडीत चढलेल्या प्रवाशांवरून. यात गैर काही नाही. रिकामी गाडी डिझेल जाळीत फिरविणे कोणत्याच महामंडळास परवडणार नाही. परंतु या हिशेबात एक खोट आहे. सातची गाडी आठला येऊ लागते, मग एक दिवसाआड येऊ लागते. गुरुजी कर्ज काढून मोटारसायकल घेतात, त्यांच्यामागून दूधवाला घेतो, बाजारास जाणारी मंडळी काळीपिवळी पाहू लागतात. आणि मग एके दिवशी गाडी वेळेवर आली तरी तिच्यात दोन म्हाताऱ्या आणि एक बोचके एवढाच ऐवज निघतो. भारमान घसरले, फेरी बंद. जो मनुष्य फाट्यावर तासभर उभा राहून परत गेला त्याने तिकीट काढलेले नसते, आणि तिकीट नाही म्हणून तो दप्तरात नसतो. हे मी पुन्हा सांगतो, कारण सारा विषय एवढ्यातच आहे: परत गेलेला प्रवासी दप्तरात नसतो. त्याची नोंद करावयाची असेल तर ती त्यानेच केली पाहिजे.

पावसाळ्यातल्या सकाळी कोणत्याही आडबाजूच्या फाट्यावर जाऊन पाहा. लिंबाखाली छातीशी दप्तरे धरून सात-आठ मुली उभ्या असतात, पास भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला असतो. शेजारी एका बाईच्या हातात फडक्यात बांधलेला डबा. मुलगा तालुक्याला शिकतो, डबा वाहकाच्या हवाली करावयाचा, स्टँडवर मुलगा येऊन उतरून घेईल. जीप येते, तिच्या मागल्या पायरीवरही माणसे लोंबकळत असतात, मुली तीत चढत नाहीत. नऊ वाजतात. मुली घरी जातात, डबाही घरी जातो, आणि सरकारी कागदावर त्या सकाळी त्या फाट्यावर काहीच घडलेले नसते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस प्रवास मोफत आहे, मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धे तिकीट आहे, शाळेच्या मुलींस पास आहेत. या सवलतींचे मोल मी कमी लेखीत नाही, पण गाडीच्या पायरीवर पाऊल पडल्यावाचून त्यांतली एकही सुरू होत नाही.

आता थोडे रागावून बोलतो, आपण ते मनास लावून घेऊ नये. गाडी उशिरा आली की आपण काय करतो? वाहकाशी हुज्जत घालतो. तो बिचारा आदल्या रात्री मुक्कामी गाडी घेऊन कोठल्यातरी पारावर झोपलेला, पहाटे उठून निघालेला. फेरी मंजूर करणे अगर रद्द करणे त्याच्या अखत्यारात नाही. त्याच्यावर तोंडसुख घेऊन आपण उतरतो आणि समजतो की तक्रार झाली. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. १९३२ साली निजामाच्या रेल्वे खात्याने सत्तावीस मोटारगाड्यांनिशी सरकारी वाहतूक सुरू केली, तेव्हा आपला जिल्हा त्याच रियासतीत होता. त्या अमदानीत रयतेने अर्ज करावयाचा तो हुजुरांच्या मेहेरबानीसाठी. १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्यास पहिली एसटी निघाली ती लोकनियुक्त सरकारची होती, आणि तिच्याविषयीचा अर्ज हा मेहेरबानीचा नसून मालकाचा आहे. हा फरक अजून आपल्या अंगवळणी पडलेला नाही.

तेव्हा अर्ज कसा लिहावा? ‘प्रवाशांची अतिशय गैरसोय होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे लिहू नये. त्यावर ‘नोंद घेतली’ यापलीकडे कोणास काही लिहिता येत नाही. मौजे अमुक, तालुका अमुक. अमुक वेळेची फेरी. ती न आलेल्या तारखा एकाखाली एक. प्रत्येक तारखेपुढे परत गेलेल्यांची संख्या, त्यांत विद्यार्थिनी किती, दवाखान्यास निघालेले किती. आणि रेल्वेच्या कोणत्या गाडीशी ही फेरी जुळावी, ते मागणीत स्पष्ट. शाळेच्या रेघी वहीत हे टिपून ठेवावयास आठवी-नववीतली एखादी चुणचुणीत मुलगी पुरे आहे. अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे, नक्कल विभाग नियंत्रकांस, दुसरी नक्कल ग्रामसभेच्या ठरावासोबत तहसीलदारांस. जुलै २०२४ मध्ये महामंडळाने ‘प्रवासी राजा दिन’ सुरू केला, तो विभाग नियंत्रकांनी आगारांत येऊन प्रवाशांचे ऐकावे म्हणूनच. वही घेऊन तेथे गेलात तर बोलणे निराळे होते. आणि अर्ज कोठेही द्या, पोच घेतल्याशिवाय जागेवरून हलू नका. आवक क्रमांक, तारीख, शिक्का. पोच नसलेला अर्ज आणि तोंडी तक्रार यांत माझ्या मते काडीचा फरक नाही.

कोणी म्हणेल, हरएकाच्या दारी मोटारसायकल असता एवढी यातायात कशासाठी? चाळीस माणसे एका गाडीने जावीत की चाळीस दुचाक्यांनी, हा प्रश्न केवळ धुराचा आणि इंधनाचा नाही, जरी अवर्षणाने होरपळणाऱ्या या मुलखाने हवापाण्याविषयी इतरांहून अधिक जपावयास हवे. तो हप्त्यांचाही आहे. ऊसतोडीची उचल घेऊन कारखान्याच्या वाटेला लागणाऱ्या कुटुंबाने त्या उचलीतून दुचाकीचा हप्ता का भरावा? यावर सविस्तर बोलावयाचे होते, परंतु काचेपलीकडून मला दोन बोटे दाखविली जात आहेत, म्हणजे दोनच मिनिटे उरली.

वडवणी, सिरसाळा, परळी या बाजूच्या श्रोत्यांस मात्र एवढे सांगितलेच पाहिजे की त्यांनी रुळांची वाट पाहत बसू नये. स्थानक बांधून झाल्यावर दांड खणावयास घ्याल तर पुन्हा दोन हंगाम कोरडे जातील. आतापासूनच कोणत्या गावास कोणती फेरी लागेल याचा तक्ता करून अर्ज द्या, आणि पोच घ्या, हे तिसऱ्यांदा सांगतो आहे याची मला जाणीव आहे. टपालाने पाठविणार असाल तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती वहीतच चिकटवा. स्थानकांबाहेर सायकली ठेवण्यास छपराची जागा असावी, हा विषय राहिलाच. त्यासाठी अर्ज रेल्वेकडे करावयाचा, एसटीकडे नव्हे, आणि तो कोणाच्या नावे करावयाचा ते