आलोच पाच मिनिटांत!



इलेक्ट्रिशियन फोनवर म्हणतो, "आलोच पाच मिनिटांत!" त्यातलं खात्रीचं एवढंच, की पाच मिनिटांच्या आत तो येणार नाही. हातातलं काम उरकलं की येईल. जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषाही वेळेचा वायदा असाच करते.

ब्रेंडन आईक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत या भाषेचं पहिलं रूप उभं केलं. वेब पानावर तिचा कारभार एकट्या कारकुनाचा. एका वेळी एकच काम. एखादं काम जरा वेळानं करायचं असलं, की 'सेटटाइमआउट' म्हणायचं आणि मिलिसेकंद सांगायचे. तीन हजार म्हणजे तीन सेकंद. पण तीन सेकंद झाले की ते काम फक्त रांगेत येऊन उभं राहतं. आधीचं काम पाच सेकंद चाललं, तर यालाही पाच सेकंद ताटकळावं लागतं.

गंमत शून्याची आहे. वरच्या ओळीत सांगा, "शून्य मिलिसेकंदांनी 'एक' छाप." खालच्या ओळीत नुसतंच, "'दोन' छाप." पडद्यावर आधी दोन उमटतो, मग एक! चालू काम पुरं झाल्याशिवाय रांगेकडे कुणी बघत नाही.

पायथन या दुसऱ्या संगणकभाषेत चूक होते ती वेगळी. तिथं एकाच रांगेत अनेक कामं चालू असताना 'टाइम डॉट स्लीप' म्हटलं, की सगळी रांगच झोपते. 'असिंकआयओ डॉट स्लीप'च्या आधी 'अवेट' लावलं, तर तेवढं एकच काम झोपतं, बाकीची चालू राहतात.

जावास्क्रिप्टच्या लांबच्या वायद्यालाही मर्यादा आहे. सेटटाइमआउट मिलिसेकंदांचा आकडा ३२ बिटांत ठेवतं. त्यात २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ मिलिसेकंद मावतात, म्हणजे जेमतेम २४.८ दिवस. "तीस दिवसांनी आठवण कर" म्हणालात, तर आकडा उलटतो आणि आठवण त्याच क्षणी येऊन आदळते.

तेव्हा प्रोग्राम लिहिणाऱ्या मित्रांना एकच सांगणं. परीक्षेची वेळ असो की लिलावाची, नुसत्या टायमरवर विसंबू नका. काम हाती घेताना घड्याळ पुन्हा एकदा बघा.